माझ्या नावावरची हरणं

कॅम्प, ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

प्रिय आर्वो,

तुझं पत्र सप्टेंबरात आलं आणि मी उत्तराला बसतेय ऑक्टोबर सरता सरता. रागावू नकोस. छत्तीस वर्षं नाताळच्या कार्डावर दोन ओळी लिहिणारा माणूस एकदम तीन पानं लिहितो, तेव्हा वाचणारीला वेळ लागणारच. 'सगळं ठीक आहे. इथं ऊन आहे.' ॲरिझोनात ऊन असतं हे मला आतापर्यंत छत्तीस वेळा कळलं आहे. यंदा मात्र तू लिहिलंस, की नोकरी संपली, गुडघा नवा बसवून घेतला, आणि नव्या गुडघ्याला पहिली चढण कॅम्पच्या मागच्या टेकडीचीच हवी. वाचायला लागले तेव्हा उभी होते, ती शेवटपर्यंत उभीच राहिले. स्टोव्हवरचं दूध उतू गेलं.

मग तिसऱ्या पानावर तुझी अट आली. 'त्याचा फोटो भिंतीवरून उतरव. ज्यानं पोटच्या पोराचं नाव शिकारखात्याच्या वॉर्डनला दिलं, त्याच्या नजरेखाली मी एक रात्रही झोपणार नाही. उतरवलास की कळव, मी तिकीट काढतो.' बाबांचा फोटो कॅम्पवर लावलाय हे तुला प्रिमोकाकांनीच फोनवर सांगितलं असणार, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. अट काही मोठी नाही. एक खिळा आणि एक चौकट. तरी पाच आठवडे मी तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली दडपून ठेवलं, आणि शेवटी इथं येऊन लिहायला बसले, कारण घरी लिहवेना.

सोमवारी आले. पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायच्या आत कॅम्प लावून ठेवायला हवा. उंदरांनी यंदा दोन गाद्या फोडल्या. उरलेल्या दोरीवर घालून झोडपल्या, चुलीचं धुराडं साफ केलं, पंपाला आधी पाणी पाजून मग पाणी काढलं, दोन दिवस लाकडं फोडली. चौसष्ट वर्षांच्या बाईनं एवढं केलं तर कुणी तरी 'पुरे आता, बस जरा' म्हणायला हवं. इथं म्हणायला चूल तेवढी आहे. काल सहाच्या सहा बाकड्यांवर मी अंथरुणं घातली. दोन फाटक्या गाद्यांवरही घोंगडी पसरली. मग दारात उभी राहून बघितलं आणि माझं मलाच हसू आलं, की बाई गं, कुणासाठी?

प्रिमोकाका फेब्रुवारीत गेले हे मी कार्डात कळवलं होतं. अक्सेलमामा त्याच्या चार वर्षं आधी. बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली. म्हणजे यंदा पहिल्यांदाच मोसमाला कॅम्पवर मी एकटी असणार. दुकानात सामान घ्यायला गेले तेव्हा मार्लीननं तीन वेळा विचारलं. "एकटी जातेस? अगं, अस्वलंसुद्धा आता झोपायला निघाली, तू कुठं निघालीस?" मी म्हटलं, "अस्वलाला कुणी येतो म्हणून पत्र पाठवलेलं नसतं." बोलून गेले आणि जीभ चावली. आता सगळ्या गावाला ठाऊक आहे, की नेस्टरचा मुलगा आर्वो येतोय. चर्चमध्ये बायका माझ्याकडे बघून हसतात. काहींना तुझे कुरळे केस अजून आठवतात. ते आता नाहीत, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

एकटेपणाची मला सवय आहे असं मी सगळ्यांना ठासून सांगते. सवयबिवय काही होत नाही, आर्वो. माणूस फक्त युक्त्या शिकतो. मी जेवताना मांस-बटाटा भरलेली पास्टी मधोमध कापते आणि अर्धी समोरच्या ताटलीत ठेवते, आणि मग दहा मिनिटांनी ती ताटली ओढून घेऊन म्हणते, 'तुला नको ना, मग मीच खाते.' पत्ते पिसून चौघांचे वाटते आणि चारही बाजूंनी मीच खेळते. प्रिमोकाकांच्या बाजूनं खेळताना लबाडीही करते, नाही तर ते प्रिमोकाका वाटत नाहीत. हे तुला हसायला लिहितेय. पण हसून झाल्यावर जे राहतं, तेही तुला कळेलच, कारण तुझ्या पत्रात 'घरात रेडिओ दिवसभर चालू ठेवतो' असं एक वाक्य आहे.

तुझं शेपूट अजून इथं भिंतीवर आहे, बरं का. लाल-काळ्या चौकड्यांचं. पंधरा वर्षांचा होतास, वीस पावलांवरच्या नर हरणावरचा नेम चुकवलास, आणि कॅम्पच्या रिवाजाप्रमाणे अक्सेलमामांनी तुझ्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीनं कापून भिंतीला ठोकला. खाली नाव आणि साल. आई महिनाभर मामांशी बोलली नाही, नवा शर्ट होता म्हणून. भिंतीवर अशी एकोणीस शेपटं आहेत, सगळ्यात जास्त मामांचीच. मला तो रिवाज आवडतो. चुकलास, कापलं, चार दिवस हसले, संपलं. ज्याला कॅम्पवर येऊच दिलं नाही, त्याच्या चुकीला मात्र असा खिळा मिळत नाही.

कारण मला येऊ देत नव्हतेच. चौदा तारखेला तुम्ही सगळे ट्रक भरायचात, आणि आम्ही बायका आठवडाभर राबलेल्या असायचो. साठ पास्ट्या, वेलदोड्याच्या निसू पावाचे दहा लांबोडे, लोणचं, मोजे, घोंगड्या. ट्रकच्या खिडकीशी जाऊन मी दर वर्षी बाबांना विचारायची, "मीही येऊ?" ते म्हणायचे, "तिथं जागा नाही." "मी जमिनीवर झोपेन." "जमिनीवर अक्सेल झोपतो." संपलं बोलणं. तू बारा वर्षांचा झालास आणि त्या वर्षी ट्रकमध्ये माझ्यासमोर चढून बसलास, नाकाला शेंबूड आणि डोक्यावर बाबांची टोपी. तू मला हात केलास. मी केला नाही. तुला ते आठवत नसेल, मला आठवतं.

पण माझा परवाना मात्र दर वर्षी न चुकता निघायचा! हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही. एका परवान्यावर एक नर. हरीण पडलं, की परवान्याबरोबरचा टॅग तिथल्या तिथं शिंगाला बांधायचा. बाबांचा टॅग पहिल्याच सकाळी खर्ची पडायचा, मग त्यांच्या खिशातून आईचा निघायचा, आजीचा निघायचा, आणि मी चौदा वर्षांची झाल्यापासून माझा. ज्या बाईनं जन्मात बंदूक धरली नाही, तीसुद्धा आपल्या गावात वर्षाला एक नर पाडते. दुकानातल्या फळ्यावर नावं लागायची, माझंही: लेम्पी, आठ फाट्यांची शिंगं. मार्लीनचा बाप मान लववून म्हणायचा, "नेम वाढलाय हं पोरी." आणि चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "एवढा चांगला नेम आहे, तर एखादा नवराही टिप की!" अठ्ठावीस वर्षांची होईपर्यंत माझ्या नावावर अकरा हरणं होती आणि कॅम्पचा रस्ताही मला माहीत नव्हता. पाद्रीबाईंच्या नावावर पंधरा होती, म्हणून ते पापात कुणी धरत नसे.

आजीचं आठवतं ना? नवा वॉर्डन आला होता, आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईनं दहा फाट्यांचा नर मारला म्हणून अभिनंदन करायला घरी आला. आजी त्याला म्हणाली, "बाळा, मी? मला सुईत दोरा ओवता येत नाही. तू आत ये, कॉफी घे." कॉफी पिऊन त्यानं बाबांना पकडलं. न्यायाधीशांनी दंड केला आणि बजावलं, की पुन्हा सापडलास तर सरळ तुरुंग. आपण त्यावर किती हसायचो! बाबासुद्धा हसायचे. तुरुंग हा शब्द सोडून बाकी सगळं हसण्यासारखंच होतं.

आणि मग ते वर्ष. तुला सगळं पाठ आहे, तरी लिहू दे. खाण बंद होऊन दोन हिवाळे झाले होते. आई सप्टेंबरपासून अंथरुणाला खिळलेली, तिला उचलून सौनात न्यायचं, आंघोळ घालायची, परत आणायचं, ते फक्त बाबांना जमायचं. माझ्या हातात तिला दुखायचं. बाबा कॅम्पवर जाणारच नव्हते. आईच म्हणाली, "जा, हिवाळाभर काय खाल? माझं काय, मी थोडंसं सूप पिते." म्हणून ते एक दिवसाआड घरी येऊन-जाऊन राहिले. पहिल्या सकाळी त्यांनी एक नर मारला. मंगळवारी दहा वाजता देवदाराच्या दलदलीजवळ दुसरा, आणि त्याला माझा टॅग बांधला. गुरुवारी वॉर्डन कॅम्पवर आला. तू खिडकीतून बघत होतास. ट्रकपाशी उभं राहून तो आणि बाबा बराच वेळ बोलले. मग तुला बाहेर बोलावलं आणि वॉर्डन म्हणाला, की दुसरं हरीण तू मारलंस असं कळलंय, खरं का? तू बाबांकडे पाहिलंस. बाबा बर्फाकडे बघत होते. तुझ्या डोळ्यांपुढे आई आली असणार. तू म्हणालास, "हो, मीच मारलं."

तुझी रायफल गेली, तीन वर्षांसाठी परवाना गेला, आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नसतं. पण जंगलखात्यातली ती नोकरी! तू चोवीस वर्षांचा होतास आणि लहानपणापासून दुसरं काही मागितलं नव्हतंस. झाडांची नावं पाठ करत हिंडायचास, मी भांडी घासताना तुझी परीक्षा घ्यायची. अर्ज मंजूर झाला होता, हजर कधी व्हायचं तेवढंच यायचं होतं. त्याऐवजी नकार आला, कारण शिकारीच्या कायद्याखाली शिक्षा झालेला माणूस त्यांना चालत नव्हता. आई मार्चमध्ये गेली. एप्रिलमध्ये तू अंगणात बाबांना विचारलंस, "तुम्हीच दिलंत ना माझं नाव?" मी तेव्हा दोरीवर चादरी घालत होते. बाबा म्हणाले, "हो. मीच दिलं." त्याच आठवड्यात तू गेलास.

पुढची पंधरा वर्षं त्या घरात आम्ही दोघं होतो. मी आधीप्रमाणेच शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करायची, ते लाकडं फोडायचे. तुझं कार्ड माझ्या नावानं यायचं. ते कधी वाचायला मागायचे नाहीत, पण मी ते टेबलावर उघडं ठेवून बाहेर जायची आणि परत आले की कार्ड हललेलं असायचं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा एका नोव्हेंबरात मीच ट्रक काढला आणि म्हटलं, "चला, मी सोडते तुम्हाला कॅम्पवर." इथं पोचल्यावर मी सामान उतरवून परत निघाले, तर म्हणाले, "एक बाकडं मोकळं आहे." तुझं बाकडं होतं ते. तेव्हापासून मी इथं येते.

पहिल्या वर्षी प्रिमोकाका आणि मामांनी मला मचाणावर बसवलं, मामांची रायफल हातात दिली. दुसऱ्या दिवशी एक लहानसा नर आला आणि मी त्याला पाडला. टॅगची गाठ काही केल्या बसेना. प्रिमोकाका ओरडले, "लेम्पीबाई, हे तेरावं ना गं? बारा तर कागदावर झालीत!" मामा हसून हसून बर्फात बसले. बाबा जवळ आले, त्यांना नीट दिसत नव्हतं, त्यांनी हातानं शिंगं चाचपली, टॅग चाचपला आणि म्हणाले, "हे खरं तुझं." आणखी काही नाही. मी झाडामागे जाऊन रडले. आनंदानं रडतेय असं सगळ्यांना वाटलं, मी वाटू दिलं.

काल मी फोटो उतरवला, आर्वो. खरंच उतरवला. प्रिमोकाकांनी काढलेला आहे तो, बाबा लाकूड फोडायच्या ठोकळ्यावर बसलेत आणि कुणाच्या तरी बोलण्यावर हसताहेत. उलटा करून तुझ्या बाकड्याखाली सरकवला. मग कागद घेतला आणि लिहिलं, 'उतरवला. ये.' दोनच शब्द. पाकिटात घातले, तिकीट लावलं, कोट चढवला. तुझ्यासाठी कोणती गादी चांगली ती निवडून झाली होती. निसू किती भाजायचा याचा हिशेब झाला होता. या खोलीत यंदाही माझ्याखेरीज आणखी एक माणूस खोकणार होता, बूट आपटणार होता, कॉफी पातळ आहे म्हणून कुरकुरणार होता. हे मला किती हवंय, ते तुला लिहून कळणार नाही. दाराच्या कडीवर हात ठेवून मी उभी राहिले, आणि मग कोट काढून ठेवला. फोटो परत जागेवर लावला आणि ते पाकीट चुलीत घातलं.

आता ऐक. वॉर्डन गुरुवारी कॅम्पवर आला, त्याआधी सकाळी तो आपल्या घरी आला होता. हे तुला कुणी कधी सांगितलेलं नाही. आई आतल्या खोलीत झोपली होती. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती, मी कणीक मळत होते. त्यानं टोपी काढली आणि गोड बोलला. "दुकानात तुमचं नाव वाचलं. छान नर आहे. मंगळवारी मारलात ना?" घरी शिकवून ठेवलं होतं तसं मी म्हटलं, हो, सकाळी दहाला, दलदलीजवळ. तो म्हणाला, वा. मग कॉफी पिता पिता म्हणाला, की त्याची मुलगी आपल्या शाळेत आहे, तिला मंगळवारचं जेवण फार आवडलं, काय होतं हो ते? आणि मी मूर्ख बाई, जिच्या स्वयंपाकाला घरात कुणी कधी बरं म्हटलं नाही, मी खुलले. सांगत सुटले, की मटणाचे गोळे होते, रस्सा मीच केला, नऊ वाजल्यापासून ढवळत होते, साडेअकराला एकशे चाळीस ताटं वाढली. सगळं सांगून झालं तेव्हा त्यानं कप खाली ठेवला. आजीला हसणारी मी, आजीपेक्षा स्वस्तात गेले.

मग तो म्हणाला, "तर मग मारलं कुणी? तुमच्या वडिलांनी?" आतून आई कण्हली. बाबा तुरुंगात गेले तर तिला उचलणार कोण, हे मला त्या क्षणी दिसलं, आणि ते खरं आहे. तू तरुण होतास, कधी सापडला नव्हतास, दंड होईल आणि सुटशील, असंही वाटलं. तेही खरं आहे. पण तेवढंच खरं असतं, तर मी तुला पहिल्याच वर्षी लिहिलं असतं. नोकरीचं मला माहीत होतं का? होतं. परीक्षा मीच घेतली होती ना तुझी. तरी तुझं नाव माझ्या तोंडातून इतकं चटकन आलं, जणू जिभेवर तयारच होतं, तू बारा वर्षांचा असताना ट्रकमधून हात केलास तेव्हापासून. मी म्हटलं, "आर्वोनं." बाबांनी नाही, आर्वो. मी. ट्रकपाशी वॉर्डननं बाबांना तेच सांगितलं, की तुमच्या मुलीनं मुलाचं नाव घेतलंय. बाबांनी तिथं ते खोडून काढलं नाही, आईसाठी, तो त्यांचा वाटा आहे आणि तो मी पुसत नाही. पण एप्रिलमध्ये अंगणात तू विचारलंस तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात ओली चादर होती. मी तोंड उघडायला हवं होतं. मी चादर झटकली. मग ते म्हणाले, "हो, मीच दिलं."

शेवटच्या वर्षी, सौनाच्या पायरीवर बसलो असताना मी त्यांना म्हटलं, की मी आर्वोला सगळं लिहिते. त्यांनी टॉवेल पिळून पायरीवर टाकला. मग म्हणाले, "एकावरचा राग घेऊन तो जगेल गं. दोघांवरचा झाला, तर त्याला परत यायला कुणी उरायचं नाही. एक तरी राहू दे." मी ऐकलं. बापाचा शब्द म्हणून ऐकलं असं मला म्हणता येईल, पण ते मला सोयीचंही होतं. तुझी कार्डं येत राहिली, 'प्रिय लेम्पी' असं लिहिलेली, आणि मी ती बाबांच्या जिवावर वाचत राहिले. त्यांच्या अंत्यविधीला तू आला नाहीस. चर्चमध्ये लोकांनी तुला नावं ठेवली आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकून घेतलं.

हे पत्र लिहायला घेतलं ते एवढ्यासाठी. फोटो भिंतीवर आहे आणि राहील. उतरवायचा तर माझा उतरवायला हवा, आणि माझा फोटो कॅम्पवर कुणी कधी लावलाच नाही. बाबांनी तुझ्यासाठी राखून ठेवलेला तो एक माणूस मी आज माझ्या हातानं मोडतेय, हे मला कळतंय. तू ये असं म्हणायचा हक्क मला नाही. पण बाबांवरचा राग आता खाली ठेव, तो चुकीच्या माणसावर छत्तीस वर्षं ठेवलास. माझ्यावर धर. आणि तो सोडून ये असं मी म्हणत नाही, घेऊनच ये. दारातूनच ओरडायला लाग. इथं माझ्याशी भांडायलासुद्धा कुणी उरलेलं नाही.

तू म्हणू देशील तर अजून तुझीच,
लेम्पी